परवान्याआधी नेम

(वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन. वक्ते अनेक वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली करीत असून स्वतः रायफल नेमबाज आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘नागरिक आणि शस्त्र’ असा. विषय भारदस्त आहे. परंतु लोक मला प्रत्यक्षात जे विचारतात ते अगदी साधे असते. गावाबाहेर बंगला बांधून राहिलेले सेवानिवृत्त शिक्षक विचारतात, मळ्यातल्या वस्तीवर राहणारा द्राक्षबागाईतदार विचारतो, रात्री दुकान वाढवून रोकड घरी नेणारे सराफ विचारतात, “वकीलसाहेब, घरात एखादे पिस्तूल असावे काय? आणि परवाना मिळेल काय?” मी त्यांना उलट एवढेच विचारतो, “आपण आजवर किती वेळा चाप ओढला आहे?” बहुतेकांचे उत्तर असते, एकदाही नाही. काहींनी जत्रेत फुगे फोडलेले असतात.

या मागणीकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांपैकी मी नाही. हातात शस्त्र असावे, ही इच्छा केवळ चोराच्या भयातून जन्मलेली नाही. तिच्यामागे एक ऐतिहासिक शल्य आहे. १८५७ च्या समरानंतर इंग्रजांनी प्रांतोप्रांती लोकांची शस्त्रे काढून घेतली. पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या, दुसऱ्याने देशी माणसाचे हात बांधले. शस्त्र कायद्याखालील नियमांनी युरोपियनांना सूट होती. या भूमीच्या पुत्राला मात्र परवान्यासाठी कलेक्टरच्या दारात उभे राहावे लागे. कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी सह्याद्रीच्या कुशीत बंड उभारले, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. वृत्तपत्रांचा कायदा रिपनच्या राजवटीत गेला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षे जिवंत राहिला. या निःशस्त्रीकरणाविषयी टिळकांच्या परंपरेतील माणसांना चीड होती यात नवल नाही. पण गांधीजींनीही संबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इंग्रजांच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावालाही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काची जोड दिली गेली.

मग स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत हा हक्क का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परक्या सरकारविरुद्धची मागणी आणि आपल्याच राज्यातील व्यवस्था यांत फरक आहे, आणि असा हक्क सरसकट प्रत्येकाला, म्हणजे दुरुपयोग करणाऱ्यालाही, देणे राज्याला परवडणारे नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुरुस्ती नामंजूर झाली आणि शस्त्रे व दारूगोळा हा विषय केंद्र सूचीत गेला. माझे मत विचाराल तर बाबासाहेबांचा निर्णय योग्य होता. अमेरिकेने आपल्या घटनेत शस्त्राचा हक्क कोरून ठेवला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क ठरविला. त्याच देशात बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे असतात. घराच्या रक्षणासाठी आणलेले शस्त्र बहुधा कोणाच्या हाती आणि कोणावर चालते, याचा हा पुरावा आहे. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आपल्या कायद्याकडे वळू. शस्त्र अधिनियम १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. त्याच्याविषयी दोन गैरसमज प्रचलित आहेत. पहिला असा, की परवाना फक्त धनिकांना आणि पुढाऱ्यांना मिळतो. व्यवहारात तसे घडत असेल. कायद्यात तसे नाही. कलम १४ स्पष्ट सांगते, की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. मी ज्यांचे अर्ज पाहिले त्यांतील निम्म्या लोकांनी हे कलम ऐकलेलेही नव्हते. दुसरा गैरसमज असा, की कायद्याच्या दृष्टीने सारी शस्त्रे सारखीच. कलम १३ बारकाईने वाचा. संरक्षणासाठी वा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअरची बंदूक, मागणाऱ्या नागरिकाला, तसेच पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, इतर अटी पूर्ण होत असतील तर परवाना द्यावा, असे ते म्हणते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने सरावासाठी पॉइंट टू-टू बोअरची रायफल मागितली तरीही तसेच. मात्र पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याने सबळ कारण दाखविले पाहिजे. याचा अर्थ असा, की खिशात वा कमरेला लपविता येईल असे शस्त्र कायद्याने दुय्यम ठरविले आणि शेतकऱ्याला व नेमबाजाला पहिला मान दिला. कोकणात रानडुकरांनी भाताची नासाडी केली, की ठासणीच्या बंदुकीचे मोल कळते. तेथे ती शेतीच्या अवजारांपैकीच एक असते.

परंतु शहरांतून येणारे अर्ज बहुतेक रिव्हॉल्व्हरसाठीच असतात. २०१४ मध्ये कानपूरच्या शासकीय कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर. नाव उत्तम होते. परंतु बसने नोकरीला जाणाऱ्या किती भगिनींच्या पर्समध्ये ते पोहोचले असेल, याचा विचार आपणच करावा. वास्तविक परवान्याचे रिव्हॉल्व्हर हा अनेकांच्या लेखी संरक्षणाचा नव्हे, तर प्रतिष्ठेचा अलंकार आहे. वरातीत हवेत बार काढणारे महाभाग आपण पाहतो. वर गेलेली गोळी खाली येते, आणि ती कोणाच्या तरी अंगणात येते, याचे भान त्यांना नसते. अखेर २०१९ च्या दुरुस्तीने अशा आनंदोत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाखापर्यंत दंड वा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. वडिलोपार्जित तीन बंदुका असलेल्या घराण्यांना वाईट वाटले. मला त्यात फारसे वावगे दिसत नाही. गुन्हेगार परवाना मागायला कलेक्टर कचेरीत येत नाही, त्याचा गावठी कट्टा भलत्याच वाटेने येतो, हे खरे आहे आणि त्या वाटा बंद करणे हे शासनाचे मुख्य कर्तव्य आहे. म्हणून सज्जनाच्या हातातील शस्त्राविषयी प्रश्नच विचारू नयेत, असे मात्र ठरत नाही.

आता घरातील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दोन वाजले आहेत. मागील दाराची कडी वाजते. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाला आधी चष्मा सापडत नाही. छातीत धडधड, हाताला कंप, कानांत दडे. शस्त्र शहाणपणाने ठेवलेले असेल तर ते कुलपात आहे, काडतुसे दुसऱ्या कुलपात आहेत. ते बाहेर काढून, भरून, रोखेपर्यंत जो वेळ जातो तो चोर देत नाही. आणि शस्त्र भरून उशाशी ठेवलेले असेल, तर त्या एका रात्रीचे सोडा, वर्षातील उरलेल्या सर्व दिवसांचे काय? घरात नातवंडे आहेत, तापट भाऊबंद आहेत, परीक्षेत अपयशी ठरलेला मुलगा आहे, कर्जाच्या ओझ्याने खचलेला कर्ता पुरुष आहे. मनाचा तोल गेलेली घटका निघून जाते, माणूस सावरतो. त्या घटकेला हाताशी भरलेले पिस्तूल असेल तर सावरायला माणूस उरत नाही. अमेरिकेतील आकडे मी म्हटले ते एवढ्यासाठी. शिवाय अंधारात जी आकृती हलली ती चोराची, की पाणी प्यायला उठलेल्या सुनेची, हे ओळखल्याखेरीज चाप ओढणारा माणूस रक्षक नव्हे. आजच्या सदनिकांतील पातळ भिंती गोळी अडवतीलच याचीही शाश्वती नाही.

कायदा अशा घरमालकाला वाऱ्यावर सोडत नाही, हेही सांगितले पाहिजे. खाजगी बचावाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. दरोडा, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, या प्रसंगी हा हक्क हल्लेखोराच्या प्राणहरणापर्यंत जाऊ शकतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे विशद केली. संकटात सापडलेल्या नागरिकाने भेकडासारखे पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि त्या क्षणी त्याने वापरलेले बळ सोनाराच्या काट्यावर तोलून पाहता येत नाही, असे न्यायालय मानते. हे नागरिकाच्या बाजूचे बोलणे आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. हक्क भयाबरोबर सुरू होतो आणि भयाबरोबर संपतो. बचावाला आवश्यक तेवढेच बळ. पोलिसांकडे जाण्याइतका अवधी असेल तर तेही नाही. कुंपणावरून उडी मारून रिकाम्या हाताने पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा घरमालक बचाव करीत नाही, सूड घेतो. आणि न्यायालयात त्याला आरोपी म्हणून उभे राहावे लागते. एका क्षणात हा भेद ओळखणे, हे काम हातातील पिस्तूल करीत नाही. ते मनाला शिकवावे लागते.

ते कोठे शिकता येते? माझ्या माहितीत त्यासाठी एकच शाळा आहे, आणि ती म्हणजे नेमबाजीची रेंज.

ज्यांनी रेंज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे. एअर रायफलचे लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे सुमारे तेहतीस फुटांवर असते. संपूर्ण लक्ष्याचा व्यास साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. त्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. तो डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. स्पर्धेत पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे सोडायचे असतात. प्रत्येक वेळी पायांची ठेवण, श्वास, खांद्याचा भार, गालाचा स्पर्श जुळवायचा आणि मग बोटाला कळू न देता चाप ओढायचा. परंतु प्रेक्षकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट निराळीच आहे. चांगला नेमबाज अनेकदा रायफल उचलतो, रोखतो, आणि न सोडताच खाली घेतो. काही तरी जुळलेले नाही हे त्याला आतून उमगते. घड्याळ पुढे सरकत असते, शेजारचे सोडत असतात, तरीही तो थांबतो. नवशिक्याला हेच सर्वांत कठीण जाते. उचललेले शस्त्र वापरल्याशिवाय खाली ठेवायचे, यात आपला पराभव झाला असे त्याला वाटते. वर्ष-दोन वर्षांच्या सरावाने ही भावना जाते. मघाशी सांगितलेल्या त्या रात्री दोनच्या प्रसंगी मला हा मनुष्य शेजारी हवा आहे.

रेंजची शिस्तही पाहण्यासारखी. नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेला. आज्ञा मिळेपर्यंत शस्त्र भरायचे नाही. ‘थांबा’ म्हटले की विश्वविजेताही थांबतो. वापरात नसलेल्या शस्त्राच्या नळीत भडक रंगाची खूण घातलेली असते, ती यासाठी की शस्त्र रिकामे असल्याचे लांबूनही दिसावे. हा आचार अंगवळणी पडलेला मुलगा हवेत बार काढणार नाही, काढूच शकणार नाही.

आणि या क्षेत्रात महाराष्ट्राने काय मिळविले आहे! राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण होते? लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावच्या घराण्याचे. सत्याग्रहात कारावास भोगलेला हा गांधीजींचा अनुयायी रायफल संघटनेच्या अग्रभागी उभा राहिला, आणि आजही त्यांच्याच नावाची स्पर्धा देशातील होतकरू नेमबाजांना पुढचे दार उघडून देते. अंजली भागवत यांनी २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली आणि २००२ मध्ये म्युनिक येथे ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ किताब जिंकला. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये चारशेपैकी चारशे गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, आणि पुढे पनवेलजवळ मुलांना शिकविण्याचे काम हाती घेतले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या; त्याच नगरीच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण आणले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता ठरला. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेतील तिकीट तपासनीस, पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदकाचा मानकरी झाला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली, आणि ते आले बंदुकीने. या यादीत स्त्रिया किती आहेत ते मोजा. स्त्रियांच्या संरक्षणासाठी हलके रिव्हॉल्व्हर काढणाऱ्यांनी हे मोजायला हवे होते.

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तेथील कोडव समाजाला व जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमदानीपासून शस्त्र परवान्यातून सूट आहे; केंद्र शासनाने ती २०२९ पर्यंत वाढविली आहे. दर वर्षी सप्टेंबरच्या आरंभी कैलपोळ्द या सणाला ते शस्त्रांची पूजा करतात. आपणही खंडेनवमीला करतो. फरक पुढे आहे. पूजा आटोपली की गावातील मंडळी झाडावर बांधलेल्या नारळावर नेम धरायला जमतात, स्त्रियाही त्यात असतात. आपण मात्र हळद-कुंकू वाहिलेली तलवार फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवतो, आणि पुढच्या नवमीला तिच्यावरचा गंज पाहतो. शस्त्रपूजनाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाला कोणी तरी हे स्पष्ट सांगायला हवे, म्हणून सांगतो.

आता मागणी. शस्त्र नियम २०१६ ने अर्जदारासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले, हे उत्तम झाले. परंतु ते प्रशिक्षण एका दुपारी उरकलेले मी पाहिले आहे. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासतात, कागद तपासतात. हात कोणी तपासत नाही. परवाना मागणाऱ्याने किमान काही महिने रेंजवर सराव केलेला असावा आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याने नेम धरून दाखवावा, असे माझे म्हणणे आहे. मग शासनावरही एक दायित्व येते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या नागरिकाने हा सराव करायचा कोठे? पन्नास मीटरची रेंज खर्चिक असेल, पण दहा मीटरची रेंज शाळेच्या सभागृहातही उभी राहते. एअर रायफल ठराविक शक्तीच्या व पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोअरच्या मर्यादेत असेल तर तिला परवानाही लागत नाही, आणि नियमांनी बाराव्या वर्षापासून कनिष्ठ नेमबाज मानले आहे. आपल्या संस्थांच्या इतक्या शाळा आहेत, त्यांतील एकेका सभागृहाची भिंत या कामाला द्यायला काय हरकत आहे?

मळ्यातल्या त्या बागाईतदाराला मी काय सांगितले, तेही सांगतो. आधी कुत्रा पाळा, आवारात उजेड ठेवा, दाराला आतून मजबूत अडसर घाला. आपल्या काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका दूरध्वनीवर सारे गाव एकाच वेळी जागे होते. तिच्यात नाव नोंदवा. वस्त्यांवरच्या दरोडेखोरांना सर्वांत जास्त धाक असतो तो चहूबाजूंनी पेटणाऱ्या बॅटऱ्यांचा. एवढे करूनही शस्त्र हवेच असेल तर रिव्हॉल्व्हरचा हट्ट सोडून बारा बोअरची बंदूक मागा. कायदा तेथे आपल्या बाजूने आहे. अर्ज भरण्यापूर्वी क्लबचे सदस्य व्हा. घरातील मंडळींनाही एकदा रेंजवर न्या, म्हणजे शस्त्राविषयीचे कुतूहल तेथेच फिटेल. आणि शस्त्र आणण्याआधी भिंतीत पक्की बसविलेली लोखंडी पेटी घ्या, एक बंदुकीसाठी, दुसरी काडतुसांसाठी. दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात ठेवू नका.